टपावरची स्टेपनी

टायरांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. वडापच्या, म्हणजे गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या एका जीपच्या टपावर स्टेपनी बसलेली असायची. सर्जेराव ड्रायव्हर तिला कधी रस्त्याला लावायचा नाही. दर दसऱ्याला डिझेलच्या बोळ्यानं पुसून काळीभोर करायचा आणि हार घालायचा. मग ती मागच्या टायरला चिडवायची, "काय झिजोबा, नक्षी कुठं सांडली?"

"रस्त्याला दिली. तुम्ही उन्हात जपून बसा, बाईसाहेब."

आता रबराच्या अंगात गंधकाच्या गाठी मारलेल्या असतात. ऊन-वाऱ्यानं त्या वाढत जातात, अंग ताठ होतं आणि चिरतं. वर डिझेल चोळलं तर विचारूच नका. स्टेपनीला मात्र वाटलं, आपला रुबाब वाढतोय.

एकदा घाटाच्या पायथ्याशी झिजोबा पंक्चर झाला. स्टेपनी नवरीच्या तोऱ्यात खाली उतरली. पंक्चरवाल्या हमीदचाचांनी तिला अंगठ्यानं दाबलं, तर भेगा उघडल्या.

"हिच्यावर माणसं नका बसवू, सर्जेराव. जुन्यालाच ठिगळ लावतो, हळू न्या."

"अहो, माझी नक्षी तरी बघा," स्टेपनी रडकुंडीला आली.

चाचांनी बघितली, छान आहे म्हणाले, आणि दुकानाचे पत्रे वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तिला वर ठेवून दिली.