भद्रसेन राजाची तांब्याची साखळी

एका राज्यात, नाव सांगत नाही, सांगून तुम्ही थोडेच तिथे जाणार आहात, भद्रसेन नावाचा राजा होता. माणूस वाईट नव्हता, पण हाताला धीर म्हणून नाही. दार अडलं की लाथ, गाठ बसली की हिसका.

एके दिवशी काळंजी नावाची जादूगारीण दरबारात आली. तिच्या गळ्यात बारीक तांब्याच्या कड्या एकमेकींत ओवून केलेली साखळी होती. राजाला ती जवळून बघायची होती. काळंजी म्हणाली, "हात लावू नये." सांगून ऐकेल तो राजा कसला! त्याने साखळी खस्सकन ओढली. कड्या फरशीवर सांडल्या आणि पाणी मुरावं तशा फरशीत मुरून गेल्या.

काळंजी ओरडली नाही. म्हणाली, "जोडलेलं तू तोडलंस. आता तुझ्या राज्यात जोडलेलं सगळं सुटत जाईल. त्याच हातांनी तशी साखळी घडव. जाळ लावायचा नाही, दोरा घालायचा नाही. माझ्या हिसक्याला टिकली तर शाप उतरेल." एवढं बोलून ती डोंगरापलीकडे आपल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून दारांच्या बिजागऱ्या निखळल्या. चाकं वाटेतच गाड्या सोडून गेली. खाटा माणसांसकट खाली बसल्या, तेव्हा लोक जमिनीवर झोपू लागले. त्यांचं कसंबसं भागलं. पण राजाची एकुलती मुलगी कुवलया, तिच्या मनातली माणसं सुटू लागली. आधी सख्यांची नावं गेली. मग दाई समोर उभी, आणि कुवलया विचारते, "या कोण?" आई लहानपणीच वारली होती, तिचा चेहराही गेला. उरला बाप. राजा पार हादरला. उद्या ही मलाही विसरली तर?

त्याने तांब्याची तार आणि दोन पकडी मागवल्या आणि खिडकीशी बसला. तार वाकवून त्याने कड्या केल्या खऱ्या, पण त्या ओवायच्या म्हणून फाकवल्या की लांबुळक्या होत, आणि मग काही केल्या गोल मिटत नसत. बाहेर उंबरावर एक तांबट पक्षी टुक टुक करीत बसला होता. काळंजीच्या दारातल्या झाडावरून तिला कड्या ओवताना बघण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याला हे बघवेना.

"अरे ए राजा," तांबट म्हणाला, "कडी आहे ती, बोकडाचा कान नव्हे. ओढतोस काय?"

"मग काय करू?"

"दोन टोकं दोन पकडींत धर. एक आपल्याकडे घे, दुसरं पलीकडे ढकल. मिटतानाही तसंच. गोलाई मोडत नाही."

पक्षी बोलतो याचं राजाला नवल वाटलं नाही. त्या राज्यात पक्षी बोलतच. ऐकायला कुणाला सवड नसे, एवढंच.

तांबटाने पुढचंही सांगितलं. सळईवर तार घट्ट गुंडाळायची, वेटोळं काढून कातरायचं, की एकसारख्या कड्या पडतात. चार मिटून घ्यायच्या, पाचवी उघडी त्यांच्यातून ओवायची आणि मिटायची. दोन वर, दोन खाली अशा मांडायच्या. मग नव्या उघड्या कडीत दोन मिटलेल्या घालायच्या आणि ती वरच्या दोघींतून ओवून मिटायची. साखळी अशीच वाढते.

राजाला सळई शोधायला कुठला वेळ! त्याने भाल्याच्या दांड्यावर तार गुंडाळली. एवढ्या मोठ्या कड्या आणि एवढीशी तार. तशीच साखळी घेऊन तो डोंगरापलीकडे गेला. काळंजीने ती जरा ताणली, तर कड्यांनी आ वासला.

"परत ये," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा त्याने दाभणावर गुंडाळली. कड्या इतक्या चिमुकल्या की एकीत चार मावेनात. राजाने कोंबल्या. साखळी वाटेतच तुटली. तो घरी आला तेव्हा कुवलयेला 'बाबा' म्हणायला जरा वेळ लागला.

"बोरूएवढी सळई घे," तांबट म्हणाला. "घाई तुला आहे, तांब्याला नाही."

तिसरी साखळी झाली. छान झाली हो! हातात धरली की मऊ लोळायची. राजा निघालाच होता. उंबऱ्यात त्याने कड्यांवरून सहज नख फिरवलं आणि अगदी मधल्या कडीवर ते अडकलं. कडीची टोकं नीट भिडली नव्हती. कुणाला दिसलं असतं? कुणालाच नाही. तरी राजा परत फिरला, ती कडी काढली आणि नवी कातरायला बसला.

तेवढ्यात कुवलया आत आली. थोडा वेळ बघत राहिली.

"आपण कोण?" तिने विचारलं. "इथे काय करता?"

राजाच्या हातातली पक्कड थांबली. सगळं फेकून उठावं, तिला गदागदा हलवावं, असं त्याला वाटलं. डोळे भरून आले.

"साखळी करतोय, बाळ," तो म्हणाला. "बस जरा."

ती बसली. परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. राजाने कडी ओवली, मिटली, नख फिरवलं. अडकलं नाही. मग तो निघाला.

काळंजीने साखळीला हिसका दिला. मग दुसरा. तिसऱ्या वेळी तिने चौकटीला पाय लावून ओढली. साखळी टिकली.

"मधली कडी नवी दिसते," ती म्हणाली. "का बदललीस?"

"नख अडकत होतं."

काळंजीने साखळी गळ्यात घातली. "शाप उतरला. जा घरी."

वाटेत गाड्या चालत होत्या. लोक दारं पुन्हा पुन्हा लावून उघडून बघत होते. कुवलया वाड्याच्या पायऱ्यांवर दाईचा हात धरून उभी होती. राजा खालीच थांबला. पुढे जायचा त्याला धीर होईना.

"बाबा, होतात कुठे? आणि बोटांना काय झालं? दाखवा बघू!"

राजाने सोललेली बोटं पुढे केली आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

"एवढं दुखतंय?"

"आधी काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"काय? बोटं दाखवा?"

"त्याच्या आधी."

"बाबा," कुवलया म्हणाली, "असं काय करता?"