वाळूखालची रेघ

फार मागे अरबांच्या वाळवंटातलं सुलतानाचं राज्य बुडालं. परक्या साहेबाने तंबूत बसून नकाशावर पट्टीने रेघ ओढली आणि वाळूत सीमेचा दगड पुरला.

उन्हाळ्यात म्हातारी सांडणी आपल्या मालकाला, फव्वाझला, घेऊन नेहमीच्या विहिरीकडे निघाली. दोघं तहानलेली होती.

"थांब, म्हातारे," दगड म्हणाला. "विहीर आता परदेशात गेली."

"विहिरीला पाय फुटले का रे? साहेबाने ती पाहिली तरी होती?"

"त्याच्या तंबूत पाणी होतं." दगडाचं ऐकून फव्वाझ पोहरा घेऊन खाली उतरला.

तेवढ्यात वादळ उठलं आणि दगड वाळूत गाडला गेला. सांडणी त्याच्यावरून चालत विहिरीपाशी पोहोचली. खाली पाणी चमकत होतं. तिने वळून पाहिलं आणि ती थक्क झाली. पोहरा हातात धरून फव्वाझ अजून दगडाच्या जागीच उभा होता.