मागचं रंगवणारा

“…आणि पुढचं कधी रंगवायचं मी?”

धनपाल चौगुलेने हे विचारलं तेव्हा मी मास्तरांच्या चित्राचं माप घेत होतो. टेप तशीच हातात राहिली.

मी मोमीन. मिरजेत चित्रांना चौकटी बसवतो. कारंडे मास्तरांची जलरंगातली चित्रं तीस वर्षं माझ्याच हाताखालून गेली. त्या खोलीत मास्तरांना कुणी उलटा प्रश्न विचारलेला मी तोवर ऐकला नव्हता.

मास्तर ब्रश धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सात वर्षं झाली मास्तर,” धनपाल म्हणाला. “भिंती मी रंगवायच्या. आभाळ मी. जमीन मी, सावल्या मी. माणूस तेवढा तुम्ही काढायचा. आणि खाली सही.”

मास्तरांनी दुसरा ब्रश पाण्यात बुडवला.

“मी काय फक्त मागचंच रंगवायला जन्माला आलोय?”

खरं सांगतो, मला बरं वाटलं. एकदाचं कुणीतरी बोललं! त्या खोलीची रीतच होती तशी. मास्तर पेन्सिलीने चित्र आखून द्यायचे, शिष्याने पार्श्वभूमी आणि सावल्या रंगवायच्या, मधली माणसाची जागा कोरी सोडायची. मग मास्तर दुपारची झोप काढून यायचे आणि त्या कोऱ्या जागेत माणूस बसवायचे. लोक माणूस बघून वाहवा करायचे. भिंतीवरची सगळी मेडल्स त्या माणसांना मिळालेली.

“शनिवारी पुण्याच्या प्रदर्शनाची शेवटची तारीख आहे,” धनपाल म्हणाला. “नवोदितांच्या विभागात तिशीच्या आतलेच चालतात. मला आषाढात तीस पुरी होतात. यंदा नाही तर कधीच नाही.”

“मग पाठव की.”

“तुमची सही लागते. कागदाच्या पाठीवर. गुरूच्या सहीशिवाय घेत नाहीत.”

मास्तरांनी ब्रश झटकला.

“काढ.”

धनपालने फोल्डरमधून चित्र काढून टेबलावर ठेवलं. त्याची आई होती. दारात बसून सुपात ज्वारी पाखडणारी. काय सांगू तुम्हाला! मनगट असं वळवलं होतं की आता दाणे उडणार. कपाळावरची शीर, पदराचा विटलेला काठ, सगळं जिथल्या तिथे. माझ्या तोंडून “वा रे पठ्ठ्या!” निघून गेलं.

धनपाल माझ्याकडे बघून हसला. मग मास्तरांकडे बघायला लागला.

मास्तर चित्रातल्या बाईकडे बघतच नव्हते.

“भिंत कुणी रंगवली?”

“मीच.”

“सावली?”

“मीच की. दुसरं कोण येणार?”

“भिंतीचा पहिला वॉश सुकू दिला होतास?”

“…घाई होती मास्तर.”

“ओल्यातच दुसरा हात फिरवलास. बघ, कसं फुटलंय. आणि सावलीत काळा घातलास. ट्यूबमधला सरळ.”

धनपाल चित्रावर वाकून बघायला लागला.

“माझ्या चित्रात कधी काळा घातलास?”

“नाही.”

“का नाही?”

“तुम्ही घालू दिला असतात होय?”

“मी कुठे असायचो बघायला? मी तर घोरत पडलेला असायचो.”

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. भर दुपारी मी कितीदा तिथे गेलोय. मास्तर आत झोपलेले, आणि हा पठ्ठ्या बोर्ड तिरका करून रंगाचा एक पातळ वॉश सुकायची वाट बघत बसलेला. चहा दिला तरी हात लावायचा नाही. सावली घालायची तर आधी उठून दारात जायचा, ऊन कुठून येतंय ते बघायचा. मग निळ्यात गेरू मिसळायचा, पाणी घालायचा, बाजूच्या चिठोऱ्यावर लावून बघायचा, पुन्हा मिसळायचा. एका सावलीला अख्खी दुपार. मला तर वैताग यायचा बघून.

“मग स्वतःच्या चित्रात का घातलास?” मास्तरांनी विचारलं.

धनपालचा आवाज चढला.

“शिसारी आलीय मला मागच्याची! सात वर्षं तेच केलं. माझ्या चित्रात तरी माणूस आधी. म्हणून आईला वीस दिवस दिले आणि भिंत एका तासात उरकली. भिंत कोण बघतंय मास्तर? लोक माणूस बघतात.”

“लोक माणूस बघतात?”

“मग काय!”

मास्तर उठले. मी ज्याचं माप घेत होतो ते चित्र त्यांनी माझ्यापुढून ओढून घेतलं. तंबोरे करणारा कारागीर होता त्यात. मागे वाळवायला ठेवलेल्या भोपळ्यांची रास, समोर पाय पसरून म्हातारा एक भोपळा तासायला बसलेला. हेही पुण्यालाच जायचं होतं, ज्येष्ठांच्या विभागात. मास्तरांची नजर आता अधू झाली होती. हे शेवटचं मोठं चित्र, असं तेच मला म्हणाले होते.

त्यांनी स्पंज पाण्यात बुडवला, पिळला, आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर फिरवला.

“अहो मास्तर! काय करताय!” धनपालने त्यांचा हात धरला.

“सोड.”

“अहो दोन महिन्यांचं काम आहे…”

“सोड म्हणतो ना!”

त्याने हात सोडला. मास्तर पुसत राहिले. तोंड गेलं, खांदे गेले, हात गेले. पाणी गढूळ झालं. कागदावर माणसाच्या जागी एक मळकट फिकट डाग उरला. इतक्या वर्षांत त्यांच्या चित्राला मी हातरुमालाशिवाय शिवलो नव्हतो, आणि हा माणूस भांडी घासावीत तसं ते घासत होता.

मास्तरांनी ते चित्र माझ्यापुढे उभं धरलं.

“मोमीन, काय दिसतंय?”

मला खोटं बोलता येत नाही. “माणूस बसलाय मास्तर.”

“काय करतोय?”

“भोपळा तासतोय. म्हातारा आहे. पाठ दुखत असणार, एका कुशीवर झुकलाय.”

कारण जमिनीवर त्याची सावली तशीच होती. वाकलेली मान, उचललेला कोपर, हातातलं हत्यार. मागच्या भोपळ्यांवर ती चढली होती तिथे प्रत्येक भोपळ्याच्या गोलाईबरोबर वळली होती. माणूस नव्हता तरी होता. धनपालही बघत होता. आपलंच काम तो पहिल्यांदा बघत असावा असं मला वाटलं.

मग मास्तर टेबलाकडे वळले. मला वाटलं, आता धनपालच्या आईलाही पुसतात की काय. धनपाल तर आडवाच झाला चित्रावर.

“पुसत नाही रे. हो बाजूला.”

त्यांनी स्पंज खाली ठेवला. हात धोतराला कोरडे केले. आणि धनपालच्या आईवर नुसता तळवा धरला, कागदाला न लावता.

“आता काय दिसतंय?”

मी धनपालकडे बघितलं.

“तूच सांग,” मास्तर त्याला म्हणाले.

“…ओल धरलेली भिंत.”

“आणि?”

“काळा डाग.”

“तुझी आई कुठे गेली?”

धनपाल खाली बसला. भिंतीवरच्या मेडल्सकडे त्याने एकदा बघितलं, मग पुसलेल्या चित्राकडे, मग परत मेडल्सकडे. त्याचा चेहरा असा काही बदलत गेला की मी टेप गुंडाळायला घेतली. दुसऱ्याच्या घरातलं असलं काही बघू नये.

“मास्तर, सही?”

“नाही.”

“शनिवार…”

“शनिवारपर्यंत हे सुधारत नाही. काळा बसलाय कागदात. धुतलास तर आईपण जाईल.”

“म्हणजे माझं संपलं.”

मास्तरांनी पुसलेलं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं.

“तुम्हाला ठाऊक होतं,” धनपाल म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. “तुमची माणसं कशावर उभी होती ते. कधीपासून ठाऊक होतं?”

“पहिल्या वर्षापासून.”

या अल्ला! किती सहज म्हणाले. मला त्या घडीला मास्तरांचा असा राग आला की काय सांगू. तीस वर्षं मी त्यांना वाकून नमस्कार केला, त्याचासुद्धा राग आला.

“पहिल्या वर्षापासून!” धनपालला श्वास लागला होता. “आणि मी स्वतःला गवंडी समजत होतो. रोज सकाळी इथे यायची लाज वाटायची मला. एकदा म्हणायचं होतंत मास्तर. सात वर्षांत एकदा! धनपाल, सावली बरी पडलीय. एवढंच. मी माझ्या आईच्या मागे असली भिंत घातली असती का? का नाही सांगितलंत?”

मास्तरांनी स्पंज उचलला. गढूळ पाणी मोरीत ओतलं, वाडगा विसळला आणि पालथा ठेवला. मग ते धनपालसमोर येऊन उभे राहिले. त्यांची नजर धनपालच्या तोंडावर नीट लागत नव्हती, जरा बाजूलाच पडत होती.

“सांगितलं असतं,” मास्तर म्हणाले, “तर तू राहिला असतास होय रे?”