सुगरणीच्या गालिच्याचं दार

फार जुनी गोष्ट. तेव्हा प्राणीसुद्धा हौसेनं घरं सजवत. साळिंदरकाकूंच्या स्वयंपाकघरात ओढ्याचं पाणी जमिनीखालच्या बांबूच्या नळीतून येई. नळीच्या सांध्यावर एक सुटी फळी होती. ती उचलली की सांधा हाताशी येई.

सुगरणीनं काकूंसाठी गवताचा गालिचा विणला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अगदी एकसंध! ती शेवटचं टोक खोचणार, तोच नळ्या दुरुस्त करणारा खेकडा म्हणाला, "सुगरणताई, फळीवर तेवढा उघडता येईल असा तुकडा ठेवा."

"माझ्या विणीला भोक?" सुगरण फणकारली. "डोळ्यांत तेल घालून विणलाय हा!"

"सांधा कधीतरी गळणारच. मग मला तुमचा गालिचा नांगीनं फाडावा लागेल."

सुगरणीनं मान फिरवली. खेकड्यानं हळूच विचारलं, "ताई, तुमचं घरटं एवढं सुरेख. त्याला दार कशाला ठेवता?"

"अहो, मग आत जाणार कसं?"

एवढं बोलली आणि तिची नजर फळीवरच्या विणीकडे गेली. तिनं ती वीण उसवली, तिथं चौकोनी झडप विणली आणि उचलायला गवताचं कडंही लावलं.

श्रावणात सांधा गळलाच. खेकड्यानं झडप उचलली, फळी काढली, सांधा घट्ट बांधला. काकूंना चुलीवरची आमटीसुद्धा उतरवावी लागली नाही.

आता काकूंकडे कुणी पाहुणा आला, की सुगरण नक्षी मागाहून दाखवते. आधी कडं धरून झडप उचलते आणि म्हणते, "हे बघा, माझ्या गालिच्याचं दार!"