डिपॉझिटचं व्याज

उत्तमराव ढमढेऱ्यांनी कर्ज काढून चार फ्लॅट घेतले आणि भाड्याने दिले. बँकेचा व्याजदर चढला की ते भाडं वाढवत. दर उतरला तेव्हा मात्र त्यांची दातखीळ बसली. नफा त्यांचा, तोटा भाडेकरूंचा. या खेपेला करार संपायच्या आतच ते तांबटबाईंच्या दारात उभे राहिले. बाई घरी डबे करून विकायच्या.

“पुढच्या महिन्यापासून दोन हजार जास्त. व्याज वाढलंय.”

“घर तुमचं, कर्ज तुमचं, आणि हप्ता मी भरू?”

“व्याज वाढलं की सगळ्यांनाच लागू होतं. पोळ्या लाटणाऱ्यांना काय कळणार ते?”

बाईंनी पिठाचे हात पुसले.

“सगळ्यांना ना? मग तुमच्याकडे माझं तीन लाख डिपॉझिट बिनव्याजी पडलंय. बँक ठेवीला आठ टक्के देते, म्हणजे महिन्याचे दोन हजार. तुमचे मी देते, माझे तुम्ही द्या.”

“डिपॉझिटवर व्याज? करारात कुठे लिहिलंय?” उत्तमरावांचा आवाज चढला.

“कुठेच नाही. तुमचे दोन हजार तरी कुठे लिहिलेत? जे लिहिलंय, ते एक तारखेला मिळेल. या आता, तव्यावर पोळी आहे.”