सावलीएवढी माती

ढग पाणी प्यायला तळ्यावर उतरत, त्या काळची गोष्ट. वीटभट्टीच्या धुराने ढग पिसाळले, इतके बरसले की तळ्याचा बांध फुटला. खेकडीचं बीळ तिसऱ्यांदा वाहून गेलं.

बांध घालायची रीत ठरलेली होती. ज्याने त्याने आपल्या सावलीएवढी माती द्यायची. मुंगीने कणभर दिली, म्हशीने ढीगभर. भट्टीने मात्र मुद्दाम ऐन दुपार गाठली. पायाशी गोळा झालेली सावली दाखवत ती म्हणाली, "माझी एवढीशीच. मूठभर घ्या!"

भर दुपारी खेकडीची पाठ गार पडली होती. तिने वर पाहिलं.

"भट्टीबाई," ती हळूच म्हणाली, "आणि ही धुराची सावली कुणाची?"

म्हैस त्या सावलीच्या कडेकडेने मोजत निघाली. दिवस मावळला, तरी ती परतली नव्हती.