मंत्र कशाला म्हणावे, विधी कशाला

एका राज्यात जादूला तोटा नव्हता, तोटा होता तो तिच्या नावांवर एकमत होण्याचा. तिथे तीन मठ होते. पहिल्या मठात झटपट जादूला मंत्र म्हणत आणि सावकाश जादूला विधी. दुसऱ्या मठात नेमके उलटे. तिसऱ्या मठातले विद्वान दोहोंनाही साधना म्हणत आणि वर डोळे मिटून बसत.

त्या राज्याचा राजा रत्नांगद याने एकदा शापित खजिन्यातला पाचूचा पेला उचलला, आणि त्याच क्षणी त्याचे पाय दगडाचे झाले. दगड हळूहळू वर चढू लागला. काळजाला पोचला की राजा गेलाच.

राणी पद्मरेखा पहिल्या मठात गेली. गुरू म्हणाले, "विधी करावा, राणीसाहेब. मंत्राने करणाऱ्याची सर्वांत लाडकी आठवण जाते."

दुसऱ्या मठात सांगितले, "मंत्र करावा. आठवण जाते ती विधीने."

तिसऱ्या मठात सांगितले, "साधना करावी."

"कोणती, गुरुवर्य?"

"साधना ती साधना."

राणीने तिघांना राजवाड्यात बोलावले. ते आले आणि भांडत बसले. शब्दाने शब्द वाढला, आणि इकडे दगड राजाच्या कमरेवर सरकला. मला त्या तिघांचा अजून राग येतो.

खिडकीत एक भारद्वाज पक्षी येऊन बसला होता. तो म्हणाला, "राणी, नाव विचारू नकोस. वेळ किती लागतो ते विचार, आणि जाते काय ते विचार."

राणीने तसे विचारले. तिघांनी एकच उत्तर दिले. शब्द तेच, जादू तीच. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सावकाश म्हटली तर काहीच जात नाही. एका श्वासात म्हटली तर लाडकी आठवण जाते. गुरू खजील होऊन एकमेकांकडे पाहू लागले.

पण दगड आता छातीला भिडला होता. दिवेलागण फार दूर होती.

"मला विसरशील," राजा म्हणाला. "नको करूस."

"तुम्ही वाचलात तर मला सांगायला कोणी तरी उरेल, महाराज."

राणीला रडू फुटले. तिने डोळे पुसले आणि एका श्वासात सगळे म्हटले.

दगड जुन्या गिलाव्यासारखा गळून पडला. पेल्याचे पाणी झाले, खजिन्याचा शाप फिटला. राजाने तिथल्या तिथे हुकूम काढला, की जादू सांगताना आधी वेळ आणि मोल सांगावे, नाव मागाहून. तिन्ही मठांनी मान तुकवली.

"आपण कोण?" राणीने विचारले.

"रत्नांगद. तुमचा नवरा."

"असाल. मला आठवत नाही."

राजा तिच्यापासून जरा अंतर राखून बसला आणि त्यांच्या लग्नाची हकीकत पहिल्यापासून सांगू लागला. सप्तपदीत त्याचा पाय शेल्यात अडकून तो भटजींच्या अंगावर पडला होता. तिथवर गोष्ट आली आणि राणीला हसू आवरेना. लग्नातही ती तशीच हसली होती.